पॅकेज नको, चार बाटल्या बरोबर न्या

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. आई-बाबा नाशिकहून येत आहेत. त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत म्हणून आम्ही चौघं बेयॉनच्या केप लिबर्टी बंदरातून बर्म्युडाला पाच रात्रींच्या क्रूझवर जाणार आहोत. जहाज रॉयल कॅरिबियनचं, खोल्या दोन. तिकिटाचे पैसे भरून झालेत, जहाजावरच्या खर्चासाठी २,००० डॉलर बाजूला काढलेत. आता ड्रिंक पॅकेजची (रोजची ठरावीक रक्कम भरून हवी तेवढी पेयं) ऑफर आली आहे : माणशी रोज ८० डॉलर, वर १८ टक्के ग्रॅच्युइटी, म्हणजे टिप. ऑफर रविवारी संपते. मी रोज दोन ग्लास वाइन घेतो, बायको एक. बाबांना संध्याकाळी व्हिस्कीचा एक पेग लागतो. आई काहीच घेत नाही. पॅकेज घ्यावं की आपली वाइन न्यावी? बाबा म्हणतात, नाशिकची वाइन आणतो, आणि व्हिस्की पाण्याच्या बाटलीत भरून नेऊ.

उत्तर : कोण किती घेतं हे तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत हे फार बरं केलंत. असा प्रश्न विचारताना बहुतेक लोक तेवढंच लिहायचं टाळतात आणि मग सल्ला हवेत द्यावा लागतो. तुमच्या बाबतीत आकडेच उत्तर देतायत : पॅकेज घेऊ नका.

रोजचे ८० डॉलर ग्रॅच्युइटी धरून ९४.४० होतात. पाच दिवसांचे माणशी ४७२. या कंपनीच्या नियमाप्रमाणे एका खोलीतल्या एकाने दारूचं पॅकेज घेतलं, की त्या खोलीतल्या पिण्याच्या वयाच्या प्रत्येकाला ते घ्यावं लागतं. म्हणजे बाबांच्या रोजच्या एका पेगसाठी आईंच्या नावावरही ४७२ डॉलर लागणार, आणि आई तर काहीच घेत नाहीत. चौघांचे मिळून १,८८८ डॉलर. तुम्ही बाजूला काढलेले २,००० जहाजावर पाऊल ठेवण्याआधीच संपले.

आता सुट्टा हिशेब करू. जहाजावर वाइनचा ग्लास किंवा साधा पेग सरासरी १३ डॉलरला धरा, त्यावर तीच १८ टक्के ग्रॅच्युइटी, म्हणजे १५.३४. पॅकेजचे पैसे वसूल व्हायला प्रत्येकाने रोज सहाच्या वर ग्लास रिचवायला हवेत. पॅकेजमध्ये स्पेशल कॉफी, ज्यूस, सोडा, बाटलीबंद पाणीही येतं, ते मी विसरलेलो नाही. दिवसाला दोन कॉफ्या आणि एक ज्यूस धरला तरी चार-पाच ग्लास उरतातच. तुमच्या घरात चौघांचे मिळून रोज चार होतात. पाच दिवसांचे वीस ग्लास, एकूण ३०७ डॉलर. हे पॅकेज न घेता, एकही बाटली बरोबर न नेता, जहाजावर मागून प्यायलात तर.

म्हणून या निर्णयातली खरी रक्कम कुठे आहे ते आधी बघा. पॅकेज न घेतल्याने तुमचे जवळपास १,५८० डॉलर वाचतात. आपली वाइन नेल्याने त्यावर आणखी शंभर-सव्वाशे वाचतील. लोक बाटली न्यायची की नाही यावर आठवडाभर खल करतात आणि पॅकेजवर मात्र दोन मिनिटांत क्लिक करतात. क्रम उलटा हवा.

पॅकेजबद्दल मला आणखी एक गोष्ट मनापासून खटकते. एकदा पैसे भरले की माणूस वसुलीला लागतो. तहान नसताना दुपारी पूलपाशी एक, जेवणाआधी एक, जेवताना दोन. साठी ओलांडलेले बाबा घरी एका पेगवर समाधानी असतात, त्यांना पाच दिवस ‘पैसे भरलेतच, घ्या अजून एक’ असं आपणच म्हणायला लागतो. जी सवय तुमच्या घरात नाही ती लावून घेण्यासाठी पैसे भरू नयेत.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. जहाजावर चढण्याच्या दिवशी पिण्याच्या वयाच्या प्रत्येक प्रवाशाला ७५० मिलीची एक सीलबंद वाइन किंवा शॅम्पेनची बाटली नेता येते. अमेरिकेतून सुटणाऱ्या सफरींवर हे वय २१ आहे. तुम्ही चौघं, म्हणजे चार बाटल्या. आई पीत नसल्या तरी त्यांच्या वाट्याची बाटली नेता येतेच. एका बाटलीत दीडशे मिलीचे पाच ग्लास बसतात. तुमचे दोन आणि वहिनींचा एक, असे पाच दिवसांचे पंधरा ग्लास तीन बाटल्यांत भागतात. चौथी बाटली स्पार्कलिंग (फेसाळणारी वाइन) घ्या, लग्नाच्या वाढदिवसाला.

खर्च बघा. बाटली सरासरी १८ डॉलरची धरली तर चार बाटल्यांचे ७२. आपल्या खोलीत किंवा बाल्कनीत उघडली तर वेगळं काही लागत नाही. डायनिंग रूममध्ये टेबलावर उघडायला लावली तर कॉर्केज, म्हणजे बाहेरची बाटली उघडण्याचं शुल्क, द्यावं लागतं, बाटलीमागे १५ डॉलर. तीन बाटल्या जेवणाच्या टेबलावर आणि स्पार्कलिंग बाल्कनीत, असं धरलं तर कॉर्केजचे ४५. बाबांचे पाच पेग जहाजावरच घ्यायचे, त्याचे ७७. सगळं मिळून १९४ डॉलर, शिवाय चौथ्या बाटलीतले पाच ग्लास वर.

यात एक बारकावा आहे. कॉर्केज बाटलीच्या किमतीवर ठरत नाही, ८ डॉलरच्या बाटलीलाही १५ आणि ३० डॉलरच्या बाटलीलाही १५च. म्हणून टेबलावर उघडायची असेल तर अगदी स्वस्तातली नेऊ नका. एरवी घरी उघडायला हात धजावत नाही अशी एखादी बरी बाटली न्या. ३० अधिक १५ धरले तरी ग्लास ९ डॉलरला पडतो. त्या भावात जहाजावर साधी हाउस वाइनही मिळणार नाही. बाटली एका रात्रीत संपवायची घाईही नको. उरलेली बाटली वेटर खोलीचा नंबर लिहून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी जेवायला बसलात की परत आणून देतो.

बाबांची नाशिकची वाइन आणायची कल्पना मला फार आवडली, आणि ती पैशाच्या हिशेबातही बसते. वाइनमध्ये अल्कोहोल २४ टक्क्यांच्या खाली असल्यामुळे विमानाच्या चेक-इन सामानात ती नेण्यावर दारूसाठीची पाच लिटरची मर्यादा लागू होत नाही. मर्यादा येते ती वजनाची, कारण भरलेली बाटली सव्वा-दीड किलोची असते आणि स्पार्कलिंगची त्याहून जड. अमेरिकेत उतरताना २१ वर्षांवरच्या प्रत्येकाला एक लिटर शुल्क न भरता आणता येतं, म्हणजे आई-बाबांची एकेक बाटली आरामात बसते. कस्टम्सने विचारलं तर सरळ सांगायचं. दोन बाटल्या नाशिकच्या, दोन एडिसनच्या लिकर स्टोअरमधून. दिंडोरीच्या द्राक्षांची शिराझ अटलांटिकवर, तीही आई-बाबांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला! यासाठी १५ डॉलर कॉर्केज द्यायला मी आनंदाने सांगेन.

बंदरावर एक काळजी घ्या. मोठ्या बॅगा तुम्ही हमालाकडे देता, त्या एक्स-रेमधून जाऊन संध्याकाळपर्यंत खोलीत येतात. बाटल्या त्यात ठेवू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगेत बाटली दिसली की बॅग अडकते आणि सुरक्षा विभागात जाऊन सोडवून आणावी लागते. बॉक्समधली वाइन चालत नाही. बर्म्युडाला दुकानातून घेतलेली बाटली जहाजावर चढताना जमा करून घेतात आणि शेवटी परत देतात, त्यामुळे ती सफरीत प्यायच्या हिशेबात धरू नका.

पाण्याच्या बाटलीतल्या व्हिस्कीचं मात्र बाबांना तुम्हीच समजावून सांगा. बाहेरची कडक दारू नेण्याला साफ मनाई आहे. सापडली तर ओतून देतात किंवा जप्त करतात, ती परत मिळत नाही. करारात प्रवाशाला जहाजावर चढू न देण्याचा अधिकारही कंपनीने स्वतःकडे ठेवलेला आहे. वाचणार आहेत ७७ डॉलर, आणि पणाला लागणार चौघांचं तिकीट. शिवाय चाळिसाव्या वाढदिवसाच्या सहलीत आईंच्या देखत सुरक्षारक्षकाने बाबांची बाटली हुंगावी, हे तुम्हालाही नको असेल. त्यांचा पेग बारमध्ये बसून, समुद्राकडे बघत, मानाने घेऊ द्या.

आईंच्या बाबतीत काही वेगळं करायची गरज नाही. बुफेत साधी कॉफी, चहा, लिंबू सरबत, पाणी तिकिटातच येतं. नारळपाणी किंवा आवडीचा ज्यूस हवा असेल तर सीलबंद कॅन किंवा बाटल्या चढताना हातातून नेता येतात, खोलीमागे बारापर्यंत.

ऑफर रविवारी संपते म्हणून घाई करू नका. अशा ऑफर सफर सुटेपर्यंत पुन्हा पुन्हा येत राहतात. तुमच्या प्रमाणात तर पॅकेज निम्म्या किमतीत आलं तरी परवडत नाही : ४० डॉलरने चौघांचे ९४४ होतात, तुमची गरज १९४ची.

बुकिंग अजून झालं नसतं तर मी कंपनीच्या नियमांचाही विचार करायला सांगितला असता, कारण ते बरेच वेगवेगळे आहेत. डिस्नेच्या जहाजांवर प्रत्येक प्रौढाला सुरुवातीला आणि पुढे प्रत्येक बंदरावरही दोन-दोन बाटल्या वाइन नेता येते. नॉर्वेजियनमध्ये कितीही न्या, पण दर बाटलीमागे १५ डॉलर आधीच भरा. एमएससीवर बाहेरची वाइन चालतच नाही. पुढच्या वेळी तिकिटांची तुलना करताना हे आकडेही त्यात धरा. नियम बदलत असतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात कंपनीच्या पानावर पुन्हा एकदा वाचून घ्या.

आता तुमचे २,००० डॉलर. वाइन आणि बाबांचे पेग मिळून २०० धरा. सेवकवर्गाची रोजची ग्रॅच्युइटी वेगळी लागते, माणशी साधारण १८ ते १९ डॉलर. चौघांचे पाच दिवसांचे ३६० ते ३८०. ती आधी भरली नसेल तर आता भरून टाका, म्हणजे शेवटच्या दिवशीच्या बिलात दचकायला नको. बर्म्युडात जहाज किंग्ज वॉर्फला लागतं. तिथून हॅमिल्टनला फेरीने आणि हॉर्सशू बेला गुलाबी बसने जाता येतं, तेव्हा कंपनीच्या महागड्या सहली घ्यायलाच पाहिजेत असं नाही. एक दिवस चौघांसाठी टॅक्सी केली तरी ३०० डॉलर खूप झाले.

उरलेल्या अकराशे डॉलरमधला पहिला खर्च आई-बाबांच्या विम्याचा करा. मला तुमच्या पत्रात वाइनपेक्षा याची जास्त काळजी वाटली, कारण त्यात विम्याचा उल्लेखच नाही. भारतातून येणाऱ्या पालकांसाठी आपण जो व्हिजिटर इन्शुरन्स घेतो, तो मुख्यतः अमेरिकेतल्या उपचारांसाठी असतो. जहाजावर आणि बर्म्युडात तो किती लागू होतो, हे पॉलिसीगणिक बदलतं. जहाजावरच्या दवाखान्याचं बिल थेट तुमच्या खोलीच्या खात्यावर चढतं, ते आधी तुम्ही भरायचं आणि मग विमा कंपनीकडे मागायचं. आणि भर समुद्रातून पेशंटला हलवायची वेळ आली तर तो खर्च हजारो डॉलरमध्ये जातो. त्यांचं विमान सुटण्याआधी एजंटकडून पॉलिसीचा पूर्ण मजकूर लेखी मागवा. जहाजावरचा उपचार, तातडीने हलवण्याचा खर्च आणि रक्तदाब-मधुमेहासारखे जुने आजार, या तिन्हींबद्दल त्यात काय लिहिलंय ते बघा. त्यातलं एक जरी नसलं तर त्या पाच दिवसांसाठी वेगळं कव्हर घ्या, आणि दोघांच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या बाटल्यांच्याच पिशवीत ठेवा.