औषधी अँटिबॉडीची पहिली चाळणी

प्रश्न : लक्ष्य-प्रथिनाला घट्ट चिकटणाऱ्या 40 अँटिबॉडी हाती आल्यात, पण प्रत्येकी जेमतेम 1 मिलिग्रॅम. पुढे कोणत्या न्यायच्या? – संशोधक विद्यार्थिनी, विश्रामबाग, सांगली

उत्तर : नुसतं घट्ट चिकटणं पुरत नाही. त्वचेखालच्या इंजेक्शनात साधारण 1-2 मिलिलिटरच मावतं, म्हणून द्रावण बऱ्याचदा 100 ते 150 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर लागतं. तिथे काही अँटिबॉडी एकमेकींना धरतात आणि द्रावणाची काकवी होते.

आधी अमिनो आम्लांचा क्रम वाचा, तो फुकटात होतो. सीडीआरमध्ये (लक्ष्याला धरणाऱ्या टोकाच्या वळ्यांमध्ये) अ‍ॅस्पॅराजिनला लागून ग्लायसिन किंवा एकटं, जोडीदार नसलेलं सिस्टीन दिसलं, तर खूण करून ठेवा; ही अमिनो आम्लं तिथे पुढे रासायनिक बिघाड करू शकतात.

मग उष्णता. सायप्रो ऑरेंज (उलगडलेल्या प्रथिनाला लागून चमकणारा रंग) घालून, तापवत चमक मोजणाऱ्या रियल-टाइम पीसीआर यंत्रात 25 ते 95 अंश, मिनिटाला 1 अंश. फॅब (लक्ष्याला धरणारा हात) 65 अंशांच्या आत उलगडला तर ती अँटिबॉडी मागे ठेवा. मात्र आयजीजी-1 या प्रकारच्या अँटिबॉडीत 70 च्या आसपासचा टप्पा बहुधा सीएच-2 चा, म्हणजे खालच्या दांड्यातल्या एका भागाचा असतो. तो फॅबचा समजून फसू नका. बफरमध्ये पॉलिसॉर्बेट (साबणासारखा घटक) असेल तर रंग आधीच चमकतो, आलेख वाया.

रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या साइज-एक्सक्लूजन कॉलमवर मोनोमर (सुटी, गुठळी न झालेली अँटिबॉडी) 95 टक्क्यांच्या वर हवा. शिखर उशिरा येऊन शेपूट ओढत असेल, तर तो तुकडाच असेल असं नाही. अँटिबॉडी कॉलमलाच चिकटत असू शकते. अशी शरीरातही कुठेही चिकटण्याची धास्ती.

एकमेकींना धरणाऱ्या ओळखायला अँटिबॉडी बसवलेल्या सोन्याच्या नॅनोकणांची चाचणी उत्तम, मायक्रोग्रॅममध्ये भागते. कणांच्या प्रकाश-शोषणाचं शिखर तांबड्याकडे जितकं सरकेल, तितकी काकवीची भीती जास्त.