जुन्या पांढऱ्या गाडीला गडद लाल रंग द्यायचा आहे. काम पक्कं व्हावं म्हणून काय पाहावं, पेंटरला काय विचारावं?

तुमची गाडी नऊ वर्षांची आहे, पांढरा रंग चाकांच्या कमानींपाशी थोडा फुगलाय आणि आता ती कँडी लाल करायची इच्छा आहे, असं तुम्ही लिहिलंय. मी पेंटर नाही, पण एकच गाडी दोनदा पूर्ण रंगवून घेतली आहे. पहिला रंग सात महिन्यांत निघायला लागला. दुसऱ्याला सहा वर्षं होऊन गेली आणि तो अजून शाबूत आहे. फरक कुठे पडला ते मला चांगलंच कळलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या वेळी मी सगळं लक्ष शेड निवडण्यात घातलं. रंगाच्या खाली काय काम होणार, हे विचारलंच नाही. चार दिवसांत गाडी मिळाली. संध्याकाळची वेळ, गाडी नुकतीच धुतलेली. दिव्याखाली ती इतकी सुंदर दिसली की मी पैसे चुकते करून आनंदाने घरी आलो. सात महिन्यांनी धुताना बॉनेटच्या कडेला नखाएवढा टवका उडाला. बोटाने जरा ओढला तर तळहाताएवढा पापुद्रा सुटून हातात आला. खाली जुना रंग होता, आणि तो लखलखत होता. ती लकाकी दिसली तेव्हा सगळा उलगडा झाला. रंग धरून राहतो तो घासून खरखरीत केलेल्या पृष्ठभागावर. इथे जुन्या क्लिअर कोटची, म्हणजे सगळ्यात वरच्या पारदर्शक थराची, चमक मोडलीच नव्हती. दारांच्या बीडिंगपाशीही (काचेभोवतीच्या रबरी पट्ट्यांपाशी) तीच गत झाली: बीडिंग न काढता नुसती टेप लावून रंग मारला होता, त्यामुळे रबराच्या कडेने रंगाला चीर गेली आणि पाणी आत शिरलं.

दुसऱ्यांदा गाडी २४ दिवस पेंटरकडे होती, आणि त्यातले पहिले १६ दिवस रंगाचा डबा उघडलाही नव्हता. या १६ दिवसांत काय झालं, त्यावरच तुमचं सगळं काम अवलंबून आहे.

गाडी आल्या आल्या त्याने एक छोटं यंत्र प्रत्येक पॅनलला टेकवून आकडे लिहून घेतले. रंगाच्या थराची जाडी मोजायचं ते यंत्र. कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमरपासून क्लिअरपर्यंत सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात. २०० ते ३०० दिसले तर ते पॅनल पूर्वी कधीतरी रंगवलेलं आहे, आणि आकडा त्याच्याही बराच वर गेला तर खाली लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली असणार. माझ्या बॉनेटवर आधीच दोन रंग चढले होते, म्हणून ते पत्र्यापर्यंत खरवडावं लागलं. थरावर थर चढवत गेलं की रंग ठिसूळ होतो, तडकतो. डिकीच्या झाकणावर मात्र खालचा मूळ रंग घट्ट होता, तो नुसता घासून वापरला. तुमच्याकडे बहुतेक पॅनल अशीच निघतील. पेंटरला विचारा, कोणतं पॅनल खरवडणार, कोणतं घासणार आणि का. ‘सगळ्यावर मारून देतो’ असं उत्तर आलं तर दुसरा पेंटर शोधा.

त्यानंतर हँडल, आरसे, दिवे, बीडिंग, काचेच्या पट्ट्या, सगळं उतरवलं. मग धुलाई आणि ग्रीस-मेण काढायचं द्रावण, तेही घासण्याच्या आधी. हा क्रम मला तेव्हा कळला. गाडीवर वर्षानुवर्षांच्या पॉलिशचं मेण आणि सिलिकॉन असतं. तसंच घासलं तर पॉलिश पेपर ते ओरखड्यांच्या आत दाबतो, आणि नंतर रंग मारताना तेवढ्याच जागी रंग मागे सरकून माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. द्रावण एका फडक्याने लावायचं आणि ओलं असतानाच दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसायचं. आपोआप वाळू दिलं तर मेण जागच्या जागी राहतं.

पोचे काढून लांबी भरली, ती आधी ८० नंबरच्या पॉलिश पेपरने, मग १८० च्या बारीक पेपरने उतरवली. उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर, त्यावर जाड थराचा सरफेसर, म्हणजे घासून सपाट करायचा प्रायमर. आणि मग मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. वाळलेल्या सरफेसरवर त्याने काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारला आणि लांब सपाट ब्लॉकला पेपर लावून घासायला बसला. उंच जागचा काळा लगेच निघतो, खोलगट जागी तो तसाच राहतो. डोळ्यांना सपाट वाटणाऱ्या दारावर चार ठिकाणी काळे ठिपके राहिले होते. तिथे पुन्हा थर, पुन्हा काळा फवारा, पुन्हा ब्लॉक. शेवटचा हात ६०० नंबरच्या वॉटर पेपरने. हे काम नुसत्या हाताने केलं तर बोटांच्या रेषेत बारीक चर पडतात. पांढरा रंग असे चर पोटात घालतो, गडद चकचकीत रंग त्यातला एकेक दाखवतो. तुम्ही पांढऱ्यावरून गडद लालवर चाललात, म्हणून ब्लॉकच्या कामात जराही सूट देऊ नका. शक्य असेल तर सरफेसर घासून झाल्यावर गाडी बघायला या आणि डोळे मिटून तळवा फिरवा. हाताला जे लागतं ते रंगानंतर डोळ्यांना दिसतंच.

आता कँडीबद्दल. मलाही तोच रंग हवा होता, त्यामुळे तुमची ओढ मला समजते. कँडीमध्ये खाली चंदेरी किंवा सोनेरी मेटॅलिक बेस असतो आणि त्यावर पारदर्शक लाल रंगाचे थर. उजेड लाल थरातून आत जातो, धातूच्या कणांवरून उलटतो आणि पुन्हा त्याच थरातून बाहेर येतो, म्हणून ती खोली दिसते. दुसऱ्या कुठल्याही रंगाला ती येत नाही. पण प्रत्येक हाताबरोबर, म्हणजे थराबरोबर, रंग गडद होत जातो. गनचे फटके एके ठिकाणी जास्त चढले की तिथे पट्टा उमटतो. बंपर वेगळ्या दिवशी, वेगळ्या हाताने मारला तर तो दारांशी जुळणं फार कठीण. आणि उद्या कुणी दाराला ओरखडा काढला तर तेवढीच जागा भरता येत नाही, बहुतेक वेळा अख्खी बाजू रंगवावी लागते. गाडी रोज रस्त्यावर काढत असाल तर माझं स्पष्ट मत आहे की कँडी घेऊ नका. गडद लाल मेटॅलिक किंवा पर्ल घ्या. मी मेटॅलिक घेतला. गेल्या वर्षी मागच्या दारावर मोठा ओरखडा गेला, तेव्हा पेंटरने नवा रंग शेजारच्या पॅनलवर हळूहळू विरळ करत नेला आणि दोन्ही पॅनलवर पूर्ण क्लिअर मारला. जोड मला स्वतःला शोधूनही सापडत नाही. मॅट फिनिशचाही विचार मनात असेल तर एक ध्यानात ठेवा, मॅट क्लिअरला पॉलिश करता येत नाही. घासलं की तिथेच चकचकीत डाग पडतो, म्हणजे ओरखडा काढायचा उपायच उरत नाही.

शेड मोबाइलच्या पडद्यावर किंवा छापील कार्डावर ठरवू नका. पेंटरकडून पत्र्याच्या तुकड्यावर खरा रंग, खऱ्या बेसवर, क्लिअरसकट मारून घ्या. तो उन्हात, सावलीत आणि रात्री दिव्याखाली बघा, तिरका धरूनही बघा. दोन लाल उन्हात जुळे वाटतात आणि ट्यूबलाइटखाली वेगळे पडतात, हे मी पाहिलंय. कँडीवरच ठाम असाल तर एकाच पत्र्यावर तीन, चार, पाच, सहा हातांच्या पायऱ्या मारून मागा आणि हवी ती पायरी ठरवा. तो पत्रा जपून ठेवा. गाडी घेताना ‘असाच ठरला होता’ म्हणायला तोच पुरावा. सगळ्या गाडीला पुरेल एवढा रंग एकदमच तयार करून, वेगवेगळे डबे एकत्र ढवळून घ्यायला सांगा. मध्येच संपला आणि नवा बनवला तर जुळेलच असं नाही.

क्लिअर कोटबद्दल मात्र आग्रह धरा. कारखान्यात गाडीत सीट, वायर, प्लास्टिक काही नसताना रंग सुमारे १४० अंश सेल्सिअसला भाजतात. तयार गाडी इतकी तापवता येत नाही. पेंटरच्या बूथमध्ये (रंग मारायच्या बंद खोलीत) साधारण ६० अंशांवर काम भागवावं लागतं, म्हणून हार्डनर मिसळायचा दोन घटकांचा क्लिअर लागतो. तो रासायनिक क्रियेने घट्ट होतो. नुसतं थिनर उडून वाळणारा लॅकर पुन्हा थिनरने विरघळतो, पेट्रोलच्या ओघळानेही त्यावर डाग पडू शकतो. १९२३ मध्ये ड्युपाँ कंपनीचा ड्यूको लॅकर जनरल मोटर्सने आपल्या ओकलंड गाड्यांना दिला, तेव्हा ती क्रांती होती, कारण त्याआधीचं वार्निश वाळायला आठवडे जायचे. नाव इतकं रुजलं की आजही कुणी कुणी गाडीच्या कुठल्याही रंगकामाला ड्यूको म्हणतं. तेव्हा नावावर जाऊ नका, डबा बघा. प्रत्येक क्लिअरबरोबर कंपनीचा तांत्रिक तक्ता असतो: हार्डनर किती, दोन हातांमध्ये किती मिनिटं थांबायचं. ती थांबायची मिनिटं वाचवली की आत कोंडलेलं थिनर वर येताना बारीक फोड पडतात. तो तक्ता भिंतीवर लावणारा पेंटर मला विश्वासाचा वाटतो.

आणि पेंटरच्या तोंडावर काय आहे तेही बघा. या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. त्याने कायमचा दमा जडू शकतो. फवारताना बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क हवा. नाकाला रुमाल बांधून गन चालवत असतील तर मी तिथे काम देणार नाही. माझ्या गाडीच्या चमकेसाठी कुणाची फुप्फुसं जावीत हे मला पटत नाही. याच कारणाने घरच्या गॅरेजमध्ये स्वतः क्लिअर मारायच्या फंदात पडू नका, आणि गाडी बघायची हौस असली तरी फवारणी चालू असताना बूथमध्ये जाऊ नका.

पेंटर निवडताना कालच तयार झालेली गाडी बघून काही कळत नाही, ती सगळ्यांचीच छान दिसते. ‘दोन-तीन वर्षांपूर्वी रंगवलेली गाडी दाखवता का?’ एवढंच विचारा. दाराच्या कडा, बॉनेटचं टोक आणि बंपरचे कोपरे बघा. रंग बदलताय, तर दारांच्या आतल्या चौकटी, बॉनेटची खालची बाजू आणि डिकीची कड यांचं काय, ते पहिल्याच दिवशी ठरवून लिहून घ्या. नाहीतर दार उघडलं की आतून पांढरं डोकावतं. इंजिनभोवतीचा भाग मी मूळ रंगातच ठेवला, इंजिन बाहेर काढल्याशिवाय तो नीट रंगत नाही. बऱ्याच ठिकाणी वाहनाच्या नोंदणीत रंग लिहिलेला असतो, ती दुरुस्ती आणि विमा कंपनीला कळवणं आधीच विचारून ठेवा.

गाडी घ्यायला सकाळी जा, आणि गाडी कोरडी असू दे. ओली गाडी सगळे दोष लपवते, माझी पहिली फसगत तिथेच झाली. पॅनलजवळ वाकून तिरकं बघा. ट्यूबलाइटचं किंवा खिडकीच्या चौकटीचं प्रतिबिंब सरळ दिसायला हवं, संत्र्याच्या सालीसारखं खडबडीत नको. दारांच्या खालच्या कडेला ओघळ आहेत का, काचांवर आणि टायरवर फवारा बसलाय का, उन्हात बफिंगचे गोल चट्टे दिसतात का, ते पाहा. धुळीचे दोन-चार कण हातकामात येतातच. ते २००० नंबरच्या वॉटर पेपरने आणि कंपाउंडने जातात. पण घासताना क्लिअर झिजतो, म्हणून क्लिअरचे दोन ऐवजी तीन हात आधीच मागून घ्या.

पहिले काही आठवडे रंगातून थिनर बाहेर पडत असतं. तोवर मेण किंवा सिरॅमिक कोटिंग लावू नका. नेमका काळ रंग बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्यात असतो, मला ९० दिवस सांगितले होते. फिरत्या ब्रशच्या धुलाईत गाडी नेऊ नका. पक्ष्यांची विष्ठा पडली तर त्याच दिवशी धुवा.

राहिला तुमचा चाकांच्या कमानींपाशी फुगलेला रंग. तो बहुधा आतून आलेला गंज आहे. त्यावर नुसता प्रायमर मारला तर फुगवटा त्याच जागी परत येतो. तिथला गंज पूर्ण जाऊन उघडा पत्रा चकचकीत दिसेपर्यंत घासायला हवा, आणि भोक पडलं असेल तर तेवढा तुकडा कापून नवा वेल्ड करायला हवा. लांबीने बुजवायचं नाही, लांबी पाणी शोषते. पेंटरकडे जाल तेव्हा रंगाची गोष्ट काढण्याआधी कमानीची आतली कड दाखवा, आणि तो खाली बसून हात घालून बघतो का, ते पाहा.