शरीरात बसवायच्या इम्प्लांटसाठी सगळ्यात चांगलं कोटिंग कोणतं? नागपुरात राहून हे काम शिकता येईल का?

तुम्ही लिहिलंय की नागपुरात मेटलर्जीच्या तिसऱ्या वर्षाला आहात, शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी खुब्याच्या इम्प्लांटवर 'सगळ्यात बायोकॉम्पॅटिबल', म्हणजे शरीराला सगळ्यात चांगलं मानवणारं, कोटिंग करायचंय आणि पुढे याच कामात शिरायचंय. मी याच शहरात हाडांच्या इम्प्लांटच्या पृष्ठभागांवर काम करतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कोटिंगच्या नावापासून सुरुवात करू नका. तो पृष्ठभाग शरीरात कशाला टेकणार आहे आणि तिथे शरीराने काय करावं असं तुम्हाला वाटतं, ते आधी कागदावर लिहा. एकाच खुब्याच्या सांध्यात याची तीन वेगळी उत्तरं निघतात. स्टेम, म्हणजे मांडीच्या हाडात ठोकून बसवतात तो दांडा, त्याच्या वरच्या भागावर हाड येऊन धरलं पाहिजे. म्हणून तो खरबरीत किंवा सच्छिद्र ठेवतात. छिद्रं साधारण १०० ते ४०० मायक्रॉनची. त्याच स्टेमवर बसणारा गोळा मात्र आरशासारखा लागतो, खरबरीतपणा ०.०५ मायक्रॉनच्या आत, कारण तो वाटीत वर्षानुवर्षं फिरणार असतो. आणि स्टेमचं खालचं टोक बऱ्याच डिझाइनमध्ये मुद्दाम गुळगुळीत सोडतात. तिथे हाडाने घट्ट धरलं तर शरीराचा भार धातूतून थेट खाली उतरतो, आणि वरच्या हाडाला कामच न उरल्याने ते विरत जातं. टायटॅनियमच्या मिश्रधातूचा ताठरपणा सुमारे ११० गिगापास्कल, कोबाल्ट-क्रोमचा २०० च्या वर, आणि हाडाच्या कठीण कवचाचा जेमतेम १५-२०. हा फरक कोणत्याही कोटिंगने झाकला जात नाही.

हाड पृष्ठभागाला धरेल की नाही, हे रसायनाइतकंच इम्प्लांट किती हलतो यावर अवलंबून असतं. सुरुवातीच्या आठवड्यांत हाड आणि धातू यांच्यातली हालचाल साधारण ५० मायक्रॉनच्या आत राहिली तर हाड थेट धातूपर्यंत येतं. ती १५० मायक्रॉनच्या वर गेली तर मधे तंतुमय ऊतींचा थर तयार होतो. मग इम्प्लांट ढिला राहतो आणि पेशंटला प्रत्येक पावलाला दुखतं. ही हालचाल आवरायची तर ते काम आकाराने करावं लागतं: स्टेमचा निमुळतेपणा, हाडात कोरलेल्या पोकळीपेक्षा किंचित मोठं माप, सर्जन पोकळी कोरायला वापरतात त्या रास्पची, म्हणजे कानशीची, घडण. म्हणून डिझाइन एकाकडे आणि कोटिंग दुसऱ्याकडे अशी वाटणी मला पटत नाही. साधी जाडी बघा. दोन्ही बाजूंना १०० मायक्रॉनचा थर चढला की स्टेम ०.२ मिलिमीटरने जाड होतो. ड्रॉइंगमध्ये ते धरलेलं नसेल तर ठोकताना हाडाला चीर जाऊ शकते.

जॉन चार्न्ली यांची हकीकत तर प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत हवी. इंग्लंडमधले हे सर्जन १९५० च्या दशकाच्या शेवटी खुब्याच्या वाटीसाठी टेफ्लॉन वापरत होते. टेफ्लॉन रासायनिकदृष्ट्या अगदी निष्क्रिय, कशाशी म्हणून अभिक्रिया करत नाही. तरी काही वर्षांतच त्या वाट्या झिजल्या आणि झिजून निघालेल्या बारीक कणांभोवती सांध्यात सूज आणि गाठी झाल्या. चार्न्लींनी ते कण स्वतःच्या मांडीत टोचून घेऊन परिणाम पाहिला. १९६२ मध्ये ते पॉलिथिलीनकडे वळले, आणि पुढची कित्येक दशकं जगभर तीच दिशा राहिली. अखंड तुकडा म्हणून निरुपद्रवी असलेला पदार्थ कणांच्या रूपात शरीराला सोसेलच असं नाही. तुमच्या कोटिंगबद्दलही हेच विचारा: ते झिजलं, सुटलं, तर त्या कणांचं काय होणार?

आता तुमच्या मनात असणार तो पदार्थ, हायड्रॉक्सीअपाटाइट. हाडातलं खनिज याच कुळातलं, कॅल्शियम आणि फॉस्फरसचं प्रमाण १.६७. खुब्याच्या स्टेमवर ते १९८० च्या दशकापासून वापरात आहे. बहुतेक ठिकाणी ते प्लाझ्मा स्प्रेने चढवतात. गनमधल्या ज्वाळेचं तापमान १०,००० अंशांच्या वर असतं. पावडरचे कण त्यातून क्षणभरात जातात, अर्धवट वितळतात आणि धातूवर आदळून चपटे होऊन गोठतात. या गडबडीत सगळं हायड्रॉक्सीअपाटाइट हायड्रॉक्सीअपाटाइट राहत नाही. काही भाग काचेसारखा अस्फटिक होतो, काहीचं ट्रायकॅल्शियम फॉस्फेट होतं, फार तापलं तर थोडा चुनाही निघतो. हे भाग शरीरात लवकर विरघळतात. म्हणून पावडरच्या डब्यावर काय लिहिलंय यावर समाधान मानू नका. चढलेल्या थराचं एक्स-रे डिफ्रॅक्शन करा, त्यात कोणकोणते स्फटिक आहेत ते त्यातून कळतं. दुसरी अडचण थंड होताना येते. हायड्रॉक्सीअपाटाइट टायटॅनियमपेक्षा जास्त आकसतं, त्यामुळे थरात ताण अडकून राहतो. थर जितका जाड तितका तो ताण धोक्याचा, म्हणून नेहमीची जाडी ५० ते १५० मायक्रॉनच्या आसपास ठेवतात. ओल्या भिंतीवर दिलेला चुना जसा पापुद्र्याने सुटतो, तसा हा थर सुटू शकतो.

सुटेल की टिकेल हे पाहण्यासाठी ओढून बघायची चाचणी असते. एक इंच व्यासाच्या टायटॅनियमच्या गोट्याच्या, म्हणजे छोट्या दंडगोल तुकड्याच्या, सपाट तोंडावर कोटिंग, त्यावर चिकट फिल्मने दुसरा गोटा चिकटवायचा, ओव्हनमध्ये पक्का करायचा आणि यूटीएमवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, दोन्ही बाजूंनी ओढायचं. आयएसओ १३७७९ या आंतरराष्ट्रीय मानकात सरासरी निदान १५ मेगापास्कल मागितलंय, म्हणजे त्या एका इंचावर सुमारे पावणेआठशे किलोचा ओढा. गोटे तुटल्यावर आकडा लिहून मोकळे होऊ नका, तुटलेली दोन्ही तोंडं भिंगाखाली धरा. दोन्हीकडे पांढरं दिसलं तर थर मधूनच फाटलाय. फवाऱ्याची सेटिंग तपासा. एकीकडे स्वच्छ करडा धातू दिसला तर थर मुळापासून उखडलाय. मग संशय सँडब्लास्टिंगवर, म्हणजे कोटिंगआधी कणांचा मारा करून धातू खरबरीत करण्यावर, घ्यायचा, नाहीतर ब्लास्टिंगनंतर तुकडा किती वेळ उघडा पडून होता आणि कोणाचं बोट लागलं होतं यावर. कोटिंगवर सगळीकडे फिल्मचा चकाकता थर उरला असेल तर चिकटवणंच फसलं. तो आकडा कोटिंगचा नाहीच. कॉलेजच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये हे तिन्ही आकडे एकाच सरासरीत घातलेले मी पाहतो तेव्हा फार वाईट वाटतं, कारण मुलांनी मेहनत घेतलेली असते आणि माहिती त्या तुकड्यांवर समोर पडलेली असते. आपल्याकडे पावसाळ्यात आणखी एक काळजी घ्या: पावडर वाळवून घ्या, नाहीतर ती नळीत गोळा होते आणि थर कुठे जाड, कुठे पातळ येतो.

हा विषय विदर्भात का महत्त्वाचा, तेही सांगतो. आपल्याकडे सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. त्या आजारात खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो, हाड मरतं, आणि विशी-तिशीतल्या मुलामुलींवर सांधा बदलायची वेळ येते. पुस्तकातला खुब्याचा पेशंट साठीच्या पुढचा असतो. इथला पेशंट पुढे चाळीस-पन्नास वर्षं चालणार असतो. शिवाय त्यांच्या हाडातली पोकळी कित्येकदा कडक होऊन बुजलेली असते, त्यामुळे नेहमीच्या मापाचा स्टेम बसवणं अवघड जातं, आणि जंतुसंसर्गाचा धोकाही जास्त. मेडिकलच्या (इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या) किंवा एम्सच्या अस्थिरोग विभागातल्या डॉक्टरांना भेटलात तर हे एक्स-रेवर बघायला मिळेल. आपल्या मातीतला असा प्रश्न समोर असताना प्रोजेक्टचा विषय दूरच्या पेपरमधून उचलू नये असं मला मनापासून वाटतं.

संसर्गाचा विषय निघालाच आहे तर थोडं. इम्प्लांट आत गेल्या क्षणापासून त्याच्या पृष्ठभागासाठी शर्यत लागते: आधी शरीराच्या पेशी पोचतात की जंतू. ही मांडणी १९८७ मध्ये अँथनी ग्रिस्टिना यांनी केली. जंतू आधी पोचले तर ते स्वतःभोवती बायोफिल्मचं कवच करतात आणि मग अँटिबायोटिकही त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही. म्हणून चांदीचं कोटिंग, अँटिबायोटिक सोडणारं कोटिंग, असे पुष्कळ प्रयत्न चालतात. पण चांदीची मात्रा वाढली की हाडाच्या पेशीही मरतात. आणि पेट्री डिशमध्ये जंतू मारणारा पृष्ठभाग शरीरात गेल्यावर काही सेकंदांत रक्तातल्या प्रथिनांनी झाकला जातो. फक्त डिशमधली चाचणी करणार असाल तर निदान तुकडा आधी सीरममध्ये, म्हणजे रक्तातल्या प्रथिनं असलेल्या द्रवात, बुडवून मग जंतू घाला.

रक्तवाहिन्यांच्या स्टेंटचं जग याहून वेगळं आहे. तिथे पेशींची वाढ आवरायची असते, औषध सोडणारा थर काही मायक्रॉनचाच असतो, आणि फुगा फुगवल्यावर तो तडकता कामा नये. त्याच्या खोलात आत्ता जात नाही.

प्रोजेक्टबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नवं कोटिंग शोधू नका. टायटॅनियमचे तुकडे घ्या, हायड्रॉक्सीअपाटाइट घ्या, आणि एकच गोष्ट बदला, उदाहरणार्थ ब्लास्टिंगचा खरबरीतपणा. तुकडे ३७ अंशांवर सिम्युलेटेड बॉडी फ्लुइडमध्ये, म्हणजे शरीरातल्या द्रवासारख्या क्षारांच्या द्रावणात, ठेवून काही आठवड्यांच्या अंतराने ओढून बघा. कोरड्या तुकड्याची ताकद आणि भिजलेल्याची ताकद यात किती फरक पडतो, एवढं नीट मोजलंत तरी मुलाखतीत अर्धा तास बोलायला पुरेल. तुलनेला काहीच न चढवलेला, नुसता ब्लास्ट केलेला तुकडाही ठेवा. टायटॅनियमवर काही नॅनोमीटरचा ऑक्साइडचा थर आपोआप असतो आणि हाड त्यालाही धरतं. स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांना १९५२ च्या सुमारास सशाच्या पायातलं टायटॅनियमचं उपकरण काढायला गेल्यावर ते हाडात रुतून बसलेलं आढळलं, आणि १९६५ मध्ये त्यांनी त्याच आधारावर माणसाच्या जबड्यात दात बसवले. तुमचं कोटिंग या नुसत्या टायटॅनियमपेक्षा सरस ठरत नसेल तर ते चढवायचं कशाला?

नागपूर सोडायची घाई नको. आयआयटी मुंबईच्या बेटिक या वैद्यकीय उपकरणांच्या केंद्राशी जोडलेलं काम इथल्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेत झालंय. तिथल्या लोकांना भेटा. इथल्याच एलआयटी या तंत्रज्ञान संस्थेत सरफेस कोटिंग टेक्नॉलॉजी शिकवतात, आणि तिथल्या प्राध्यापकांना थर सुटण्याबद्दल जे कळतं ते मेटलर्जीवाल्यांना सहसा कळत नाही. पुढे शिकायचं असेल तर गेटमध्ये २०२० पासून बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा स्वतंत्र पेपर आहे. पण मेटलर्जी सोडून त्याकडे वळायची गरज नाही, मेटलर्जीच तुमची जमेची बाजू आहे. नोकरीसाठी मात्र दोन गोष्टी आत्ताच वाचायला लागा: आयएसओ १०९९३ ची मालिका (उपकरण शरीराला सोसतं का हे तपासायची मानकं) आणि २०१७ चे मेडिकल डिव्हाइसेस रूल्स. धोक्यानुसार केलेल्या वर्गवारीत खुब्याचं इम्प्लांट आपल्याकडे वर्ग क मध्ये येतं, स्टेंट आणि हृदयाची झडप वर्ग ड मध्ये. साहित्य किंवा डिझाइन बदललं की तो मोठा बदल धरला जातो आणि आधी परवानगी लागते. कारखान्यातला निम्मा दिवस या कागदांतच जातो. कंटाळवाणं वाटेल, पण त्या प्रत्येक ओळीमागे कुठेतरी बिघडलेलं एखादं इम्प्लांट आहे.

आणि एक अगदी कळकळीने सांगायचंय. टायटॅनियमचा पृष्ठभाग आम्लाने खरबरीत करायला (एचिंग) किंवा त्याची मायक्रोस्ट्रक्चर, म्हणजे आतली सूक्ष्म रचना, पाहायला हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरायची वेळ येईल. रात्री, एकट्याने, घाईत ते हाताळू नका. सौम्य द्रावण कातडीवर सांडलं तर लगेच जळजळत नाही, काही तासांनी वेदना सुरू होतात, आणि तोवर ते आत शिरून कॅल्शियम खेचत असतं. लॅबमध्ये कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल आहे का, ते कोणत्या कपाटात आहे आणि त्याची मुदत संपलेली नाही ना, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. नसेल तर ते येईपर्यंत बाटली उघडू नका.