बुधवारी रात्री आठ वाजता तव्यावर मासे: तुमचे प्रश्न

रविवारचे मासे निवांत होतात, खरी धावपळ बुधवार-शुक्रवारची. ऑफिसातून येऊन अर्ध्या तासात ताट वाढायचं असतं, आणि यावेळचे बहुतेक प्रश्न त्याबद्दलचेच आहेत.

प्रश्न: सुरमईची तुकडी उलटताना रवा सगळा तव्यालाच राहतो, ताटात नुसती उघडी तुकडी येते. तवा बिडाचा आहे, तेलही कमी घालत नाही. काय चुकतंय?

बहुतेक वेळा पाणी. आपण तुकड्या धुतो आणि तशाच ओल्या मसाल्यात टाकतो, मग मीठ आणखी पाणी सोडायला लावतं, ताटलीत लाल पाणी साचतं आणि त्यातूनच उचलून रव्यात घोळवलं की रव्याचा लगदा होतो. तो तव्यावर पडला की आधी पाणी उकळणार, आणि पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, खमंग तांबूस रंगाला मात्र साधारण १४० तरी लागतं. म्हणजे सुरुवातीला तुकडी भाजतच नाही, वाफवते, आणि कच्ची बाजू तव्याला धरून बसते.

तर धुतल्यावर सुती फडक्याने नीट टिपा, मधल्या काट्याजवळची खाचसुद्धा. मसाला लावून १५ मिनिटं ठेवा आणि सुटलेलं पाणी ओतून टाका. जिवावर येतं, मसाला वाया गेल्यासारखा वाटतो, पण ओताच. रवा आणि तांदळाचं पीठ निम्मं-निम्मं घ्या, आणि घोळवायचं ते अगदी तव्यात सोडायच्या आधी, घोळवून ठेवून फोनवर बोलत बसलात की परत लगदा. तवा मध्यम आचेवर तापू दे, मग तेल, तेल लहरायला लागलं की तुकडी.

आणि मग हात लावू नका! अर्धा इंच जाड तुकडीला एका बाजूला ४ मिनिटं लागतात. खालची बाजू कडक झाली की ती आपणहून सुटते, उलथनं घालून बघा, धरून असेल तर अजून अर्धा मिनिट द्या. चार तुकड्या मावणाऱ्या तव्यात सहा कोंबल्या तरी वाफच होते. मधल्या काट्याजवळचं मांस पांढरं होऊन काट्यापासून सुटलं की झालं, त्यापुढे ठेवलीत तर सुरमई कोरडी ठाक होते, इतका महाग मासा असा वाया गेला की मला खरंच वाईट वाटतं.

प्रश्न: सकाळीच मसाला लावून फ्रीजमध्ये ठेवते, पण संध्याकाळी मासा भुसभुशीत लागतो.

ताई, आंबट सकाळी लावू नका. लिंबू, चिंच, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), काहीही असो, दहा-दहा तासात मांसाचा पोत बिघडतोच. सकाळी फक्त हळद आणि थोडं मीठ लावून फ्रीजच्या सगळ्यात थंड भागात झाकून ठेवा. आल्यावर टिपून मग आंबट, तिखट, लसूण. कुकरला भात लावलात की तो होईपर्यंत मुरतं तेवढं पुरे. आगळ घेतलंत तर मीठ बेतानं, आगळात ते असतंच. लसूण बारीक वाटा, जाड तुकडे तव्यावर जळून कडू लागतात.

प्रश्न: स्टेशनबाहेर बांगडे घेतो, घरी पोचायला दीड तास लागतो. नीट कडक तळले तर चालतात ना?

नाही, आणि हे मी कळकळीने सांगतोय. बांगडा, सुरमई, कुपा (ट्यूना) असे मासे उबेत राहिले की त्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते तळून किंवा उकळून जात नाही. मग तोंड लाल होतं, खाज सुटते, डोकं दुखतं, आणि लोकांना वाटतं माशाची अ‍ॅलर्जी आहे. कोळीणमावशींकडून पिशवीत बर्फ मागून घ्या, किंवा घराजवळच घ्या. कल्ले लालभडक, डोळे स्वच्छ आणि फुगीर, बोटाने दाबल्यावर खड्डा राहत नाही, असाच बांगडा घ्यायचा.

प्रश्न: आम्ही परदेशात आहोत, इकडे कातडीसकट सामनचे (सॅल्मनचे) फिले, म्हणजे बिनकाट्याचे तुकडे मिळतात. आपल्या पद्धतीने होतील का?

होतील की, फक्त रवा विसरा. कातडी कोरडी टिपा, मालवणी मसाला वरच्या मांसाच्या बाजूलाच लावा, आणि कातडी खाली ठेवून पहिले दहा-पंधरा सेकंद उलथन्याने दाबा म्हणजे ती आक्रसत नाही. जवळजवळ सगळं शिजणं त्याच बाजूवर होऊ दे, उलटल्यावर एखादं मिनिट बस्स. तेल अगदी थोडं, सामन स्वतःच भरपूर तेल सोडतो.

प्रश्न: बोंबील आठवड्यात जमतील?

जमतील, पण बोंबलात पाणीच पाणी. साफ करतानाच उभे चिरून उघडे करून घ्या, हळद-मीठ लावून दोन ताटल्यांमध्ये ठेवा, वर वरवंटा नाहीतर भरलेला डबा, आणि तसेच अर्धा तास फ्रीजमध्ये. तेवढा वेळ नसेल त्या दिवशी मांदेली करा, ती पाच-सात मिनिटात कुरकुरीत होते.