रोज चालतो, तरी उठताना हात का टेकावा लागतो?

प्रश्न : वय ५२. रोज तासभर सपाट रस्त्यावर चालतो. वजन आटोक्यात आहे, दम लागत नाही. पण जमिनीवर बसलं की हात टेकल्याशिवाय उठता येत नाही. चालणं वाढवू का?

उत्तर : नको. चालण्याने हृदय आणि फुप्फुसं तयार होतात, पण सपाट रस्त्यावर गुडघा थोडाच वाकतो. मांड्या आणि नितंबांच्या स्नायूंवर ताकद वाढण्याइतका भार येतच नाही. वयानुसार स्नायू घटत जातात आणि ही घट नुसत्या चालण्याने थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या सूचनांमध्ये आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाच्या व्यायामासोबत किमान दोन दिवस ताकदीचा व्यायामही सांगितला आहे. मिनिटं सगळ्यांच्या लक्षात राहतात, ताकदीचे दोन दिवस मात्र विसरले जातात.

आठवड्यातले दोन दिवस चालणं अर्ध्या तासावर आणा आणि उरलेल्या वेळात खुर्चीवरून उठबशा काढा. खुर्ची भिंतीला लावून ठेवा, म्हणजे सरकणार नाही. दोन पावलांत खांद्यांच्या रुंदीइतकं अंतर, चवडे किंचित बाहेर, हात छातीवर. कंबर मागे नेत तीन आकडे मोजत खाली या. खुर्ची टेकली की अंग सैल न सोडता उठा. ८ ते १२ वेळा, अशा तीन फेऱ्या, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. दोन सत्रांमध्ये निदान एक दिवस मोकळा हवा. शेवटच्या दोन उठबशा जड गेल्या पाहिजेत. बाराही सहज जमू लागल्या की खुर्ची बुटकी घ्या किंवा छातीशी वजन धरा. बहुतेकांची प्रगती इथेच अडते, कारण महिनोन् महिने भार तोच राहतो.

चुका कुठे होतात? थकल्यावर उठताना गुडघे आत झुकतात, कारण नितंबांच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू कमी पडतात. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. तसा राहत नसेल तर फेरी तिथेच थांबवा. टाच उचलली जात असेल तर घोटा ताठर आहे, टाचांखाली पातळ फळी ठेवा. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो, म्हणून उठताना श्वास सोडा. गुडघा चवड्याच्या थोडा पुढे गेला तर मात्र घाबरू नका. जिना उतरतानाही तो जातोच.

प्रश्न : तीन आठवड्यांपूर्वी धावणं सुरू केलं, रोज पाच किलोमीटर. आता नडगी आतल्या बाजूने दुखते. बूट बदलू का?

उत्तर : आधी वेळापत्रक बदला. दमसास काही आठवड्यांत वाढतो, पण हाडं आणि कंडरांना (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांना) तयार व्हायला महिने लागतात. म्हणून छाती ‘अजून धाव’ म्हणते तेव्हा नडगी तयार नसते. नडगीवरून बोट फिरवून पाहा. लांब पट्ट्यात दुखत असेल तर तो बहुधा अतिताण आहे. एकाच ठिकाणी, बोटाच्या टोकाएवढ्या जागी, दाबल्यावर कळ येत असेल किंवा रात्री बसल्या जागीही दुखत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. तेव्हा धावणं बंद करून डॉक्टरांना दाखवा.

अतिताण असेल तर भरभर चालणं वेदनेशिवाय जमेपर्यंत धावू नका. नंतर एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. एक दिवसाआड. वेग असा ठेवा की धावताना पूर्ण वाक्य बोलता येईल. पाऊल लहान टाका. लांब टाकलेलं पाऊल शरीराच्या बरंच पुढे पडतं आणि धक्का थेट नडगीला बसतो.

प्रश्न : पोट कमी करायला रोज शंभर क्रंचेस (पाठीवर झोपून डोकं-खांदे उचलायचा व्यायाम) पुरतील का?

उत्तर : पोटाचे स्नायू बळकट होतील, त्यावरची चरबी त्यामुळे खास तिथूनच उतरणार नाही. चरबी सगळ्या अंगातून उतरते आणि त्यात आहाराचा वाटा मोठा असतो.

प्रश्न : व्यायामानंतर अंग दुखलं तर थांबावं का?

उत्तर : स्नायूच्या मध्यभागी बोथट दुखणं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त आणि हालचालीने मोकळं होणारं, हे नव्या भाराचं लक्षण आहे. हलका व्यायाम चालेल. सांध्यात टोचणारी कळ, सूज किंवा व्यायाम चालू असतानाच वाढत जाणारं दुखणं असेल तर तो व्यायाम बंद करा. छातीत दाब, चक्कर किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप लागली तर लगेच थांबून वैद्यकीय मदत घ्या.