जोडकामाचा धंदा कुणाचा?

अनेक आशीर्वाद.

प्रॉडक्ट कंपनीत जावं की इंटिग्रेटरकडे, असं विचारलंस. त्याआधी हे दोघं एकमेकांच्या कुरणात कसे शिरले ते बघ.

पूर्वी वाटणी साधी होती. विक्रेता, म्हणजे प्रॉडक्ट कंपनी, तयार सॉफ्टवेअरचं (पॅकेजचं) लायसन्स विकायचा, ते ग्राहक कंपनीच्या इतर सिस्टिम्सशी जोडायचं काम इंटिग्रेटरचं. दहा सिस्टिम्स एकमेकींशी थेट जोडायच्या म्हटलं की जोडण्या ४५, आणि प्रत्येकीचे तास बिलात. गुंता होता म्हणून इंटिग्रेटरचं चालत होतं, हे तोंडावर कुणी कबूल करत नसे इतकंच.

सर्व्हिस-ओरिएंटेड आर्किटेक्चरने, म्हणजे सिस्टिमची कामं सेवा म्हणून मांडायच्या पद्धतीने, घाव घातला तो या गुंत्यावर. 'ग्राहकाची माहिती द्या' ही सेवा एकदाच मांडायची, तिचा करार, म्हणजे काय मागायचं आणि काय मिळेल ते, डब्ल्यूएसडीएल या ठरलेल्या भाषेत लिहायचा. आत एसएपीचं पॅकेज आहे की कोबोल भाषेतला जुना प्रोग्राम, याच्याशी मागणाऱ्याला घेणंदेणं नाही. पण मग आतलं पॅकेज बदललं तरी बाहेर कुणाला पत्ता लागणार नाही, म्हणजे विक्रेत्याचीही पंचाईत! म्हणून विक्रेते मिडलवेअरकडे, म्हणजे सिस्टिम्सना जोडणाऱ्या मधल्या सॉफ्टवेअरकडे, वळले. एसएपीने २००३ मध्ये नेटवीव्हर हे स्वतःचं मिडलवेअर आणलं, ओरॅकलने २००८ मध्ये सुमारे साडेआठ अब्ज डॉलर मोजून बीईए सिस्टिम्स ही मिडलवेअर कंपनी घेतली. आयबीएमचा पाय तर दोन्ही डगरींवर: वेबस्फिअर हे मिडलवेअरही विकायचं, आणि २००२ मध्ये घेतलेल्या पीडब्ल्यूसी कन्सल्टिंग या सल्लागार कंपनीच्या बळावर जोडकामही करायचं. स्टँडर्ड खुली असतात हे खरं, पण एका सर्व्हिस बसवर (सेवांचे निरोप इकडून तिकडे नेणाऱ्या मिडलवेअरवर) लिहिलेले राउटिंगचे, म्हणजे निरोप कुठे पाठवायचा याचे, नियम आणि सिस्टिम्स जोडणारे ॲडॅप्टर दुसरीवर हलवून बघ, मग कळेल.

इंटिग्रेटरांनीही तयार सेवांचे संच बांधले. 'ॲक्सिलरेटर' म्हणतात त्यांना. माझ्या मते ते प्रॉडक्टच.

खरी मारामारी मात्र बाहेरून दिसत नाही अशा जागी होते. बिलिंगमध्ये ग्राहक म्हणजे ज्याच्या नावाने बिल निघतं तो. सीआरएममध्ये, म्हणजे विक्रीवाल्यांच्या ग्राहकनोंदीच्या सिस्टिममध्ये, ज्याने अजून काहीच घेतलेलं नाही, तोही ग्राहक. एकीकडे पत्ता एकच आणि सक्तीचा, दुसरीकडे चार असतील किंवा एकही नसेल. सेवेच्या स्कीमात, म्हणजे डेटाच्या ठरलेल्या आराखड्यात, पत्त्यापुढे 'मिनऑकर्स' (कमीत कमी किती हवेत) शून्य लिहायचं की एक? विक्रेत्याचा माणूस स्वतःच्या पॅकेजचं मॉडेल पुढे सरकवतो, "तयारच आहे, वापरा." ते घेतलं की बाकीच्या सिस्टिम्सना कायम त्याच्या साच्यात डेटा बसवून द्यावा लागतो, आणि पुढच्या खरेदीत त्याचं पारडं आपोआप जड होतं. इंटिग्रेटर स्वतःचं कॅनॉनिकल मॉडेल, म्हणजे सगळ्या सिस्टिम्सना सामाईक असा साचा, मांडतो. मग एक फील्ड वाढवायचं तरी बदलाची मागणी (चेंज रिक्वेस्ट) त्याच्याकडे. ज्या कंपनीचा हा डेटा, तिचा जाणता माणूस बैठकीत असेलच असं नाही.

आता मायक्रोसर्व्हिसेस, एपीआय अशी नावं आली, पण ओढाताण तीच. सीआरएम विकणाऱ्या सेल्सफोर्सने २०१८ मध्ये म्यूलसॉफ्ट या जोडकामाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीसाठी सुमारे साडेसहा अब्ज डॉलर उगाच नाही मोजले.

तेव्हा पाटी बघून नोकरी निवडू नकोस. डेटा मॉडेलिंग (डेटाचा साचा ठरवणं) आणि व्हर्जनिंग (करार बदलला तरी जुन्या वापरणाऱ्यांना सांभाळणं) नीट शीक. टूल तर कुणीही शिकवेल. मुलाखतीत इंटिग्रेटरला विचार, एका प्रकल्पात लिहिलेली सेवा दुसरीकडे वापरायचा हक्क कुणाकडे राहतो? प्रॉडक्टवाल्यांना विचार, कराराचं जुनं व्हर्जन किती काळ चालू ठेवता आणि ते बंद करायचं कोण ठरवतं? उत्तराला टाळाटाळ झाली तर पगाराचा आकडा ऐकण्याआधी मला फोन कर.