बेल्ट सतत लावला नाही तर बाळाचं कसं कळणार?

नववा महिना लागलेली एक पहिलटकरीण नवऱ्यासोबत आली होती, बीपी शुगर सगळं नॉर्मल, पण आठ दिवस धड झोप नाही. कारण काय तर तिच्या जावेला डिलिव्हरीत पूर्णवेळ पोटाला बेल्ट होता, म्हणजे बाळाचे ठोके सतत दाखवणाऱ्या मशीनचा पट्टा, आणि इथल्या सिस्टर म्हणाल्या तुला सतत नाही लावणार, अधूनमधून डॉपलरने, म्हणजे पोटावर टेकवून ठोके ऐकायच्या छोट्या यंत्राने, ठोके बघू. "ताई, मधल्या वेळात बाळाला काही झालं तर?" एवढं बोलली आणि रडायलाच लागली.

आधी रडू दिलं. मग म्हणलं स्वतःच्या मनगटावर बोटं ठेव, मोज. मिनिटाला 84 आले. बाळाचे असतात 110 ते 160, म्हणून पोटातनं घोडा दौडल्यासारखा आवाज येतो. कळ ओसरली की सिस्टर पूर्ण एक मिनिट ऐकतात, कारण बाळ दमलं असेल तर कळ गेल्यावरही ठोके खालीच राहतात, तेच पकडायचं असतं. आधी साधारण दर अर्ध्या तासाने, जोर द्यायच्या वेळी दर पाच मिनिटांनी. काही धोका नसलेल्या बाईला सतत बेल्ट लावा असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगत नाही, त्याने सिझर वाढतात आणि बाईला उठून चालता येत नाही ते वेगळंच. पण बाळाभोवतीचं पाणी हिरवट गेलं, बीपी वाढलं, कळा वाढवायचं औषध सलाईनमधून चालू केलं तर मात्र बेल्ट हवाच, तिथे नको म्हणायचं नाही.

नवरा म्हणाला, वहिनीच्या वेळी आकडा 80 वर आलेला, सगळे धावले. तेव्हा काय झालं ते कागद बघितल्याशिवाय मी नाही सांगणार. खरंच ठोके उतरले तर कुशीवर वळवतात, कळांचं औषध थांबवतात, डॉक्टरांना बोलावतात, म्हणजे धावायलाच हवं. पण कधी बेल्ट सरकतो आणि मशीन आईचेच ठोके दाखवतं, म्हणून सिस्टर आईची नाडी पण बघतात. म्हणलं तुला शंका आली तर सरळ विचार, हे माझे का बाळाचे?

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. पाणी हिरवट गेलं म्हणून बेल्ट लावलेला, मध्येच आकडा 90. "मी घाबरले पण विचारलं ताई, माझे का बाळाचे?" सिस्टरनी लगेच मनगट धरलं, नाडी पण 90 च, मग बेल्ट जरा खाली सरकवला आणि 142 आले.